मापाचा वाफा

आमच्या बोरिवलीच्या इमारतीत मी तळमजल्यावर राहते. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून सोसायटीच्या भिंतीपर्यंत मातीची एक पट्टी आहे. रुंदीला खाटेपेक्षा थोडी जास्त, लांबीला इमारतीएवढी. सांडपाण्याचा पाइप तिथूनच जातो, त्यामुळे ती कुणालाच नको होती. मी मागितली तेव्हा कमिटीच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि घ्या म्हणाले.

बागेची हौस मला पुस्तकातून लागली. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत एक जाडजूड परदेशी पुस्तक मिळालं होतं, पाणी लागून पानं फुगलेलं. त्यातली एकच गोष्ट मला पटली. काही झाडं एकदाच लावायची. ती वाढतात, फुलतात, मग वरून मरतात आणि जमिनीखाली जिवंत राहतात. पुढच्या वर्षी आपल्या वेळेला परत येतात. मराठीत त्यांना बहुवर्षायू म्हणतात हे मला नंतर एका शेतीच्या पुस्तिकेत सापडलं. मला एकच काम दोनदा करायला आवडत नाही. आमच्या इमारतीतल्या बायका दिवाळीला झेंडूच्या कुंड्या आणतात आणि संक्रांतीच्या आत टाकून देतात. मला एकदा लावून मोकळं व्हायचं होतं.

पुस्तकातली झाडं थंड देशातली, इथे त्यांचा उपयोग नव्हता. पण एक सल्ला उपयोगी होता. खणायला घेण्याआधी आपल्या भागातल्या बागा बघून या, आणि वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात बघा. तेव्हा जे उभं असेल ते आपलं. इथला वाईट महिना म्हणजे मे. म्हणून मी मे महिन्यातले रविवार बागा बघत काढले.

मुलुंडला एका बंगल्याची बाग छान आहे असं ऐकून गेले. तिथे लॉन होतं आणि लॉनवर पाणी उडवणारं यंत्र होतं, बाकी काही नव्हतं. अंधेरीला ऑफिसांच्या एका आवारात फुलांचे ताटवे दिसले. वाकून पाहिलं तर रोपं नर्सरीच्या काळ्या पिशव्यांसकट मातीत बसवलेली. माळी म्हणाला, मेली की ट्रक येतो, नवी येतात. घाटकोपरच्या एका बाईंनी गच्चीवर सगळ्या कुंड्यांना हिरवी जाळी बांधली होती आणि त्या स्वतःही जाळीखाली पंखा लावून बसल्या होत्या. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की या मुंबईत मे महिन्यात काही उभं राहत नाही. तो म्हणाला, आपण राहतो की.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी लोकांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं, दुपारी लॅबमध्ये बसायचं. गोराईचं काम घ्यायला बाकीच्या मुली कुरकुरतात, कारण खाडी पार करावी लागते. मी घेते. बोटीत वारा लागतो. त्याच महिन्यात गोराईच्या एका म्हाताऱ्या बाईंचं काम आलं. फोन पुतण्याने केला होता. तो वाकोल्याला राहतो. काकी एकटी असते, अंगात रक्त टिकत नाही, डॉक्टरांनी दर महिन्याला तपासायला सांगितलंय, एवढं त्याने सांगितलं.

घर जुन्या गावठाणातलं, कौलारू. ओट्यावरच्या भिंतीत लाकडी क्रूस. बाई बुटकी, वाळलेली, पण डोळे तेज. शीर सापडायला उजेड हवा म्हटल्यावर ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली. आणि तिथे, मे महिन्यात, हिरवंगार होतं.

सहा वाफे होते, शेजारी शेजारी, सगळे एकाच दिशेला. कडेने समुद्रावरचे शिंपले पालथे रोवलेले. प्रत्येक वाफ्याच्या एका टोकाला उंच झाड, तिथून उतरत उतरत दुसऱ्या टोकाला जमिनीलगतचं काहीतरी. सोनटक्का, कर्दळ, कोरांटी, गुलबक्षी, अबोली, सदाफुली. एकही झाड नर्सरीतलं वाटत नव्हतं. पुस्तकातल्या चित्रात उंच झाडं मागे आणि बुटकी पुढे असतात. हे तसंच होतं, फक्त आडवं करून ठेवल्यासारखं. वाफ्यांची रुंदी सारखी, लांबी मात्र प्रत्येकाची निराळी. सहावा वाफा खणलेला, शिंपले लावलेला, आणि रिकामा.

सुई टोचताना लोक सुईकडे बघतात नाहीतर छताकडे. ही त्या रिकाम्या वाफ्याकडे बघत होती. ट्यूब भरल्यावर तिने विचारलं, पुरेल का. मला वाटलं नमुना पुरेल का विचारतेय. मी म्हटलं, पुरेल.

"या ट्यूबचं नाही गो बाय. अंगातलं पुरेल का?"

तिची बोली गावठाणाची होती. ती मला लिहिता येणार नाही, म्हणून माझ्याच मराठीत लिहिते आहे. मी विचारलं, कशाला पुरायला हवंय. तिने हनुवटीने सहावा वाफा दाखवला. तो माझा, म्हणाली. पण भरणार कोण ते ठरत नाही. ते ठरेपर्यंत पुरायला हवं.

मी समजले की तिला आता खणणं, वाकणं जमत नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी येऊन लावून देते म्हणाले. ती हसली आणि म्हणाली, घाई कशाला करतेस.

मग मला पलीकडची कोरांटी जवळून बघायची होती म्हणून मी एका वाफ्यावरून पाय टाकायला गेले. तिने माझं मनगट धरलं. ज्या हातातून मी नुकतंच रक्त घेतलं होतं त्याच हाताने, आणि पकड अशी की मला पुढे सरकता येईना. ओलांडायचं नाही, वळसा घालून जा, म्हणाली. कोपरातला कापूस सुटला आणि एक थेंब मातीत पडला. तिने पायाच्या अंगठ्याने त्यावर माती सारली.

पुढच्या महिन्यांत मी जात राहिले. सकाळची वेळ असायची, ती पाणी घालत असायची. प्रत्येक वाफ्याला वेगळा मग. पाणी घालताना काहीतरी पुटपुटायची, मला वाटायचं प्रार्थना असेल. एका वाफ्याला ती चहा घालायची. गाळून उरलेला चोथा नाही, कपातला चहा. एका वाफ्यापाशी तिचा आवाज चढायचा. सगळ्यात आखूड वाफ्यावर मात्र ती वाकून पानं पुसायची. एकटी राहणारी माणसं बोलतात. मी घरोघर जाते, भांड्यांशी बोलणारेही पाहिलेत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या रक्ताचे आकडे दर वेळी खाली येत होते, आणि दर वेळी ती तेच विचारायची. मीही खरं तेच सांगायचे, सध्या पुरेल.

एकदा मी तिला माझ्या पट्टीबद्दल सांगितलं. अशाच वाफ्यांची बाग मला करायची आहे, लांबी किती ठेवायची ते सांगा. माझ्याकडे मोजायला काही नव्हतं, दंडाला बांधायचा पट्टा होता तेवढाच. ती आत गेली आणि कौलांखाली खोचलेली बांबूची एक लांब कामटी घेऊन आली. मला वाटलं वाफ्यावर धरून दाखवेल. तिने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. चपला काढायला लावल्या. कामटी टाचेपासून डोक्यापर्यंत धरली, नखाने खूण केली आणि कोयत्याने तिथे तोडली.

"हा तुझा," म्हणाली.

मला ते फार शहाणपणाचं वाटलं. वाफ्याची रुंदी आपल्या हाताच्या पोहोचीइतकी ठेवावी असं पुस्तकातही होतं. म्हणजे लांबी उंचीइतकी, असा हिशेब असणार, असं मी धरून चालले. कामटी घेऊन मी बोटीत उभी राहिले तेव्हा समोरच्या बाकावरची एक बाई उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मी म्हटलं, हिला कामटी लागेल अशी भीती वाटली असेल.

रोपंही तिने दिली. पाचही वाफ्यांतलं थोडं थोडं, कुठे फांदी, कुठे कंद, प्रत्येकाची वेगळी पुडी बांधून. सरमिसळ करू नकोस म्हणाली होती. पिशवीत पुड्या सुटल्या. मी घरी जाऊन पुस्तकातल्या आराखड्याप्रमाणे सगळी एकाच वाफ्यात लावली, कामटी धरून आखलेल्या. नवऱ्याने दारातून बघितलं आणि म्हणाला, एवढं मोजून मापून कशाला? मी म्हटलं, काम नीट करावं माणसाने.

बाग लागली. इतकी झटकन लागली की मला संशय यायला हवा होता. सांडपाण्याच्या पाइपाशेजारची माती, वर चार मजल्यांची सावली, आणि तरी महिन्याभरात वाफा भरला. काही गोष्टी मात्र पुस्तकात बसत नव्हत्या. झाडं उजेडाकडे झुकतात. आमच्याकडे उजेड भिंतीच्या बाजूने येतो. ही झाडं स्वयंपाकघराच्या दाराकडे झुकली. मी भिंतीवरच्या कुंपणाचा एक पत्रा हलवून बघितला, उजेड वाढला, झाडं तशीच. दुसरं म्हणजे कोरांटी. कोरांटी मरत नाही, मारूनही मरत नाही. कर्दळीशेजारी लावलेली माझी कोरांटी वाळायला लागली. माती तीच, पाणी तेच. उपटून दुसऱ्या टोकाला लावली, चार दिवसांत पालवली. म्हणून कर्दळ हलवून पुन्हा तिच्याजवळ नेली, प्रयोग म्हणून. कोरांटीने पुन्हा मान टाकली.

एका सकाळी नवरा दात घासत मागच्या दारात आला आणि विचारलं, कुणाशी बोलतेस. मी बोलत नव्हते असं मी म्हटलं. पण मी बोलत होते. मी कर्दळीला म्हणत होते, जरा सरका.

सरका. सरक नाही. अहो-जाहो मी कधी सुरू केलं ते मला आठवत नाही.

पुढचा रिपोर्ट घ्यायला पुतण्या स्वतः लॅबमध्ये आला. पस्तिशीचा असेल, नीटनेटका, बोलायला मोकळा. आकडे त्याने दोनदा वाचले. मला वाटलं जरा बरं वाटेल, म्हणून फोनवर माझ्या बागेचे फोटो दाखवले. तुमच्या काकींनी दिलेली रोपं आहेत म्हटलं, आणि हे माप पण त्यांनीच काढून दिलं. फोटोत वाफ्याच्या कडेला कामटी पडलेली होती. त्याने तो फोटो मोठा करून बघितला.

"ही कशावरून कापली? वाफ्यावरून?"

मी म्हटलं नाही, माझ्यावरून. भिंतीला उभं करून.

तो बाकावर बसला. मग सांगायला लागला तो एका दमात. त्याचे आजोबा, म्हणजे काकीचे सासरे, गावच्या दफनभूमीत खड्डे खणायचे. कुणी गेलं की घरी जाऊन बांबूच्या कामटीने प्रेताचं माप घ्यायचे, टाचेपासून डोक्यापर्यंत, आणि त्या मापाने खणायचे. दफनभूमी लहान. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, जागा दुसऱ्याला देतात. आजोबांना ते बरं वाटेना. म्हणून ते घरच्या माणसाच्या कबरीवर रोपं लावायचे, आणि कबर उघडली की तीच रोपं मुळासकट घरी आणून परसात त्याच मापाचा वाफा करून त्यात लावायचे. पहिला वाफा त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकीच्या सासूचा. मग काकीच्या नणंदेचा. ती पोरवयातच गेली. मग त्यांचा स्वतःचा, तेव्हापासून हे काकी करते. मग काकीच्या नवऱ्याचा. पाचवा याच्या आईचा, काकीच्या जावेचा.

"ही आमच्या घरचीच रीत. गावात कोणी करत नाही. फादरना कळलं असतं तर ओरडले असते." मग तो म्हणाला, "पण जिवंत माणसाला मापत नाहीत, मॅडम. कधीच नाही."

का, असं मी विचारलं. त्याने रिपोर्टची घडी केली, पुन्हा उघडली. एवढंच म्हणाला की काकीचं डोकं आता ठिकाणावर नाही, आणि तुम्ही ते सगळं काढून टाका. परसाचं त्याने ठरवलेलं होतं. शेजारच्या रिसॉर्टवाल्याला पार्किंगला जागा हवी होती, काकीच्या नंतर ती देणार होता.

घरी येऊन मी मागचं दार उघडलं आणि माझ्या वाफ्याकडे बघितलं. माझ्या उंचीचा वाफा, त्यात एका कुटुंबातली पाच माणसं, मी आराखड्याप्रमाणे दाटीवाटीने बसवलेली. मी भित्री नाही. रोज सकाळी परक्या माणसांचं कोमट रक्त हातात धरते. तरी त्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि कपडे पुढच्या गॅलरीत वाळत घातले.

दोन-चार दिवस दार बंद ठेवून बघितलं. मग विचारायचं ते जिने केलं तिलाच विचारावं असं ठरवलं आणि सुट्टी घेऊन गोराईला गेले. रक्त घ्यायचं नव्हतं, त्यामुळे हातात काही नव्हतं, आणि हातात काही नसताना त्या घरात शिरताना मला पहिल्यांदाच अवघडल्यासारखं झालं.

ती ओट्यावर बसली होती. चेहरा कागदासारखा. मी सरळ विचारलं, मावशी, मला मापलं कशाला?

"माप तू मागितलंस."

तुमचा पुतण्या म्हणतो जिवंत माणसाला मापत नाहीत, मी म्हटलं. ती म्हणाली, तो लहान होता तेव्हा त्यालाही मापलं होतं मी, दर ईस्टरला, भिंतीवर रेघा आहेत. मेला का तो? लॅबमध्ये आला होता ना तुझ्या, चालत?

मग तिने रोपांची चौकशी केली. सगळी एकाच वाफ्यात लावली म्हटल्यावर ती पुढे झुकली. कोरांटी कशी आहे म्हणाली. मी सांगितलं, कर्दळीजवळ तग धरत नाही. ती इतकी हसली की तिला खोकला आला.

"कर्दळ माझी सासू. कोरांटी तिची मुलगी. पोर तिच्या धाकाने कधी जेवली नाही पोटभर. लांब ठेव त्यांना."

मी म्हटलं, मी ते सगळं काढून तुम्हाला परत आणून देते. हसू थांबलं. कुठे आणशील, तिने विचारलं. परसाचं ठरलंय ते मला माहीत आहे. तो वाईट मुलगा नाही, वाढवलाय मी. त्याला वाटतं झाडं म्हणजे झाडं. इथे मशीन फिरेल, फरशी बसेल. मग मी कुठे जाऊ? सहावा वाफा कोण भरणार, हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगतेय, तू माती खणायच्या गोष्टी करतेस.

मला तेव्हा कुठे नीट कळलं. तिला मरणाची काळजी नव्हती. ते आकडे तिला माझ्याइतकेच समजत होते. काळजी होती ती कबर उघडली जाईल त्या दिवसाची. त्या दिवशी तिथे कुणी असेल का, आणि तिला उचलून तिच्या माणसांत नेऊन ठेवेल का. पाचही जण आता बोरिवलीला होते, माझ्या स्वयंपाकघरामागे. ते तिनेच घडवून आणलं होतं, एकेक पुडी बांधून.

तरी मी म्हटलं, तो वाफा माझ्या मापाचा आहे.

"म्हणून तर. मी आता आक्रसले. तुझ्यात मी मावते."

आमच्यात जाळतात, मावशी, मी म्हटलं. मला वाफा लागणार नाही.

"ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं," ती म्हणाली. "रिकामी जागा बघून तर दिलं."

मी हो म्हणाले नाही. कोरांटीचं काय करायचं आणि कुठलं झाड कुणाचं ते विचारून घेतलं, पाणी प्यायले आणि निघाले. बोटीत बसल्यावर लक्षात आलं की नाही असंही मी म्हणाले नव्हते.

ती पुढच्या थंडीत गेली. शेवटचं रक्त मीच घेतलं. शीर सापडायला वेळ लागला, तिने घाई केली नाही. कबरीवर काय लावायचं तेही तिने तेव्हाच सांगितलं. भुईचाफा. तो वर्षातले कितीतरी महिने जमिनीखाली असतो, वर काहीही नसतं, मग ऐन उन्हाळ्यात पान नसताना थेट मातीतून फूल येतं. मी म्हटलं, लोक तुडवतील, तिथे काही आहे हे कळणार नाही. तिने सांगितलं, मला कळेल.

दफनाला मी गेले. पुतण्याने मला बघून मान हलवली. लोक पांगल्यावर मी पिशवीतून भुईचाफ्याचे कंद काढले आणि बोटांनी माती उकरून लावले. तो मागे उभा राहून बघत होता. कबर उघडतील तेव्हा मला फोन करा, मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, तुमचा यावर विश्वास आहे? मी म्हटलं, विश्वासाचं मला माहीत नाही, झाड माझं आहे, वाया जायला नको. त्याने नंबर फोनमध्ये साठवला.

परसात मशीन फिरलं. एकदा त्या बाजूच्या दुसऱ्या घरी रक्त घ्यायला गेले तेव्हा बघितलं. पेव्हर ब्लॉक, पिवळे पट्टे, गाड्या. पट्टे योगायोगाने वाफ्यांच्याच दिशेला होते.

मधली वर्षं माझी बाग चांगली चालली. कोरांटी कर्दळीपासून लांब ठेवली, मग तक्रार नव्हती. फक्त वाफ्याच्या मधोमध एक जागा काही केल्या धरेना. सदाफुली लावली, गेली. अबोली पसरेल म्हणून वाट पाहिली. ती त्या जागेच्या कडेपर्यंत यायची आणि थांबायची. सगळ्यांनी थोडं थोडं अंग चोरून ठेवल्यासारखं दिसायचं. मी खत घालून बघितलं, मग नाद सोडला.

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. उद्या सकाळी उघडतायत, पुतण्या म्हणाला. मी पोहोचले तेव्हा माणसांनी खणायला सुरुवात केलेली होती, माती बाजूला ढिगात टाकत होते. पुतण्या रुमाल नाकाला लावून लांब उभा. मी ढिगापाशी बसले आणि हाताने माती चाळायला लागले. मातीला मातीचाच वास होता. भुईचाफ्याचे कंद सापडले, पण मी लावले होते त्यापेक्षा कितीतरी खोल गेलेले. मुळांना मण्यांसारख्या गाठी असतात, त्या एकमेकींत अडकून एक लांबलचक गुंता झाला होता. सोडवायला गेले तर सुटेना, म्हणून तसाच उचलला. हाताला गार लागला, आणि झाडाच्या मानाने जड. हाडं कोनाड्यात ठेवायला पुतण्या फादरांबरोबर गेला. मी गुंता ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि बोटीची वाट धरली.

घरी येऊन कपडेही न बदलता मागे गेले. मधल्या त्या जागेत खड्डा केला. गुंता आत उतरवला, तर तो बरोबर बसला. कुठे दाबावा लागला नाही, कुठे माती भरायला उरली नाही. तिच्या नवऱ्याची गुलबक्षी उजव्या हाताला, सासरे सोनटक्क्याच्या रूपाने पलीकडे, जावेची अबोली डाव्या हाताला, सासू लांब. पाणी घातलं. वर दिसायला काही नव्हतं, नुसती ओली माती.

दोन-तीन आठवड्यांनी पुतण्याचा फोन आला. त्याच्या आईचं झाड माझ्याकडे आहे ना, असं त्याने चाचरत विचारलं. तिथे आता फरशी झाली, मला तेव्हा सुचलं नाही, म्हणाला. बायको म्हणते बाल्कनीत ऊन येतं, एक मोठी कुंडी आणलीय. मी म्हटलं, या आणि घेऊन जा. मला त्याची अडवणूक करायची नव्हती. आई त्याची.

रविवारी तो आला. हातात कापडी पिशवी आणि खुरपं. अबोली त्याने लगेच ओळखली. आई केसांत माळायची, मी तोडून आणायचो, म्हणाला. तो वाफ्यापाशी उकिडवा बसला. अबोली त्या मधल्या ओल्या जागेला चिकटून होती. इतकी वर्षं कडेला येऊन थांबायची, ती आता तीन बाजूंनी त्या जागेवर ओणवी झाली होती. त्याने खुरपं मातीत घातलं. मी बघत होते. तो थांबला, पानं बाजूला करून बघितलं, खुरपं बाहेर काढलं. पुन्हा एकदा दुसऱ्या बाजूने घातलं आणि पुन्हा काढलं.

"काकी इथेच ना?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

बाजूला केलेली पानं त्याने सारखी केली. मग खुरप्याची माती वाफ्यातच झटकली, पिशवीची घडी करून खिशात घातली आणि उठला. दोघींचं फार जमायचं, एवढंच म्हणाला. चहा नको म्हणाला. दारापर्यंत जाऊन वळला आणि पाणी कधी घालता ते विचारलं. मी सांगितलं, मी रक्त घ्यायला लवकर निघते, त्यामुळे कधी कधी परत आल्यावर घालते.

"असं नका करू," तो म्हणाला. "निघायच्या आधी घाला. आमच्या घरचे सगळे पहाटे उठणारे."